तांब्याची कडी आणि उलटी वाकणारी लाट

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात ई अँड टीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) शेवटच्या वर्षाला असलेल्या चौघांना मेटामटेरियलवर, म्हणजे बारीक तुकडे मांडून घडवलेल्या कृत्रिम पदार्थावर, प्रकल्प करायचा आहे. त्यातून लाट ‘उलटी’ वाकते म्हणजे नेमकं काय होतं, वस्तू अदृश्य करणारा पडदा खरंच झाला आहे का, आणि तळमजल्यावरच्या त्यांच्या खोलीत मोबाइलची रेंज आणणारा एखादा तक्ता बनवता येईल का, असं त्यांनी विचारलं आहे. विषय फार मोठा आहे, सोडून द्या, असं त्यांचे गाइड म्हणतात.

विषय सोडू नका, लहान करा. मी वीसेक वर्षं मायक्रोवेव्हच्या कामात आहे. त्यातला बराच काळ अँटेना आणि त्यांच्यावरची आवरणं, म्हणजे रेडोम, यांत गेला. लाटेला काय आत येऊ द्यायचं आणि काय अडवायचं, हे माझं रोजचं काम आहे. तुमचे तिन्ही प्रश्न वरवर वेगळे वाटतात, पण तिन्हींची उत्तरं रेझोनन्समध्येच, म्हणजे ठरावीक वारंवारतेला एखादी गोष्ट जोरात झुलू लागते त्यातच, सापडतात. तेवढं एक नीट हाताखालून गेलं की बाकीचं आपोआप जागेवर बसतं. म्हणून मी तिथेच जास्त वेळ घालवणार आहे.

आधी एक काम करा. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या आहेत, त्या एकदा बघून या. ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० तबकड्या आहेत. जवळ गेलात की लक्षात येतं की तबकडी भरीव पत्र्याची नाही, बारीक तारेच्या जाळीची आहे. जाळीतून पलीकडचं आकाश दिसतं, वारा आरपार जातो. म्हणून तर एवढी मोठी तबकडी हलक्या सांगाड्यावर उभी राहू शकते. पण अवकाशातल्या हायड्रोजनकडून येणारी २१ सेंटिमीटरची लाट त्याच जाळीवरून परत फिरते. जाळीची भोकं एक-दोन सेंटिमीटरची, लाट त्याच्या कितीतरी पट लांब. तिला भोकं दिसतच नाहीत, तिच्या लेखी तो सलग धातू आहे. घरच्या मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दारातली जाळीही याच हिशोबाने चालते: आतली लाट १२ सेंटिमीटरची, भोकं मिलिमीटर-दीड मिलिमीटरची. उजेड बाहेर येतो, लाट आत राहते.

आता याच्या पुढची पायरी. लाटेला एकेक तुकडा दिसत नसेल, सगळ्यांचा मिळून फक्त सरासरी परिणाम जाणवत असेल, तर ते तुकडे आपल्याला हवे तसे का घडवू नयेत? काचेत प्रकाश हळू चालतो, कारण काचेतल्या अणूंमधले इलेक्ट्रॉन लाटेबरोबर हलतात आणि स्वतःही लाट सोडतात. निसर्गाने दिलेले अणू आपण बदलू शकत नाही. पण ३ सेंटिमीटरच्या लाटेसाठी तीन मिलिमीटरचा तांब्याचा तुकडा ‘अणू’ म्हणून चालतो, आणि तो आपल्या हातात आहे. मेटामटेरियल म्हणजे एवढंच. गुणधर्म येतो तो मुख्यतः तुकड्याच्या आकारातून आणि मांडणीतून. तांबं आणि फायबरग्लास फक्त साहित्य पुरवतात.

ही कल्पना वाटते तेवढी नवी नाही. जगदीशचंद्र बोस यांनी १८९८ मध्ये तागाचे पिळलेले पेड ठेवून त्यातून मिलिमीटर लाटेच्या ध्रुवणाची, म्हणजे तिचं विद्युतक्षेत्र ज्या रेषेत हलतं तिची, दिशा फिरवून दाखवली होती. तागाच्या द्रव्यात असा गुण नसतो, तो पिळातून आला. १९४० च्या दशकात विन्स्टन कॉक यांनी अमेरिकेत धातूच्या पट्ट्या आणि गोळ्या ठरावीक अंतरावर मांडून अँटेनासाठी भिंगं बनवली. मला बोसांचा तो प्रयोग फार जवळचा वाटतो. पुढच्या शंभर वर्षांचं बीज त्या पिळात होतं.

लाट पदार्थात कशी चालेल हे दोन आकडे ठरवतात, एप्सिलॉन आणि म्यू. पहिला विद्युतक्षेत्राला मिळणारा प्रतिसाद, दुसरा चुंबकीय क्षेत्राला. व्हिक्टर व्हेसेलागो या रशियन शास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये प्रश्न विचारला: हे दोन्ही एकाच वेळी ऋण असतील तर? त्यांनी गणित करून दाखवलं की असा पदार्थ कोणताही नियम मोडत नाही, पण त्यात लाट उलटी वाकेल. एप्सिलॉन ऋण असणं अवघड नाही, धातूंमध्ये आणि प्लाझ्मामध्ये ते घडतं. अडचण म्यूची होती. गिगाहर्ट्झच्या वारंवारतेला बहुतेक पदार्थांचा म्यू एकच्या आसपास असतो, चुंबकीय क्षेत्राची ते दखलच घेत नाहीत. तीस वर्षं हा लेख तसाच पडून होता. मग इंग्लंडमध्ये जॉन पेंड्री आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये बारीक तारांची जाळी आणि १९९९ मध्ये कापलेली कडी सुचवली. ही कडीच माझ्या मते साऱ्या विषयाचा गाभा आहे.

आता ती कडी डोळ्यांसमोर आणा. पीसीबीवर, म्हणजे सर्किटच्या छापील बोर्डवर, कोरलेला तांब्याचा चौकोन, एक बाजू अडीच-पावणेतीन मिलिमीटर, रेघेची रुंदी पाव मिलिमीटर. एका बाजूला ०.२ मिलिमीटरचा काप, त्याला आम्ही गॅप म्हणतो. कडी म्हणजे एका वेढ्याचं कॉइल, गॅप म्हणजे इवलासा कपॅसिटर. दोन्ही मिळून एलसी (कॉइल-कपॅसिटर) सर्किट झालं, म्हणजे तिची स्वतःची एक वारंवारता आली. कडीतून चुंबकीय क्षेत्र आरपार जाऊ लागलं की तिच्यात प्रवाह फिरतो, आणि तो प्रवाह स्वतःचं चुंबकीय क्षेत्र तयार करतो.

ते क्षेत्र कुठल्या दिशेने? इथे एक छोटा प्रयोग करा, आत्ता, बसल्या जागी. दोरीला किल्ल्यांचा जुडगा बांधा आणि वरचं टोक बोटांत धरा. हात सावकाश डावी-उजवीकडे हलवा, जुडगा हाताबरोबर जातो. हळूहळू वेग वाढवा. एका वेगाला जुडगा भरमसाट झुलू लागतो, तो रेझोनन्स. आता त्याहून जलद हलवा: हात डावीकडे तर जुडगा उजवीकडे, नेमका उलटा. हात म्हणजे बाहेरून आलेली लाट, जुडगा म्हणजे कडीतला प्रवाह. रेझोनन्सच्या जरा वरच्या वारंवारतेला कडीचं क्षेत्र आलेल्या क्षेत्राच्या विरुद्ध असतं, आणि रेझोनन्स जवळ असल्यामुळे ते भरपूर जोरात असतं. कड्या पुरेशा दाट मांडल्या तर बेरीज ऋण होते. ऋण म्यू तो हाच, त्यात जादू काही नाही.

पण त्याच दोरीत किंमतही दिसते. उलटा आणि जोरदार झोका फक्त रेझोनन्सच्या लगेच वर मिळतो. आणखी जलद गेलात तर जुडगा जवळजवळ जागचा हलतही नाही. म्हणजे ऋण म्यूची पट्टी अरुंद, १० गिगाहर्ट्झला बऱ्याचदा काही शे मेगाहर्ट्झची. शिवाय जिथे प्रवाह सर्वांत जास्त, तिथेच तांबं आणि बोर्ड सर्वांत जास्त ऊर्जा गिळतात. अरुंद बँड आणि लॉस, म्हणजे ही गिळलेली ऊर्जा, ही या विषयाची जन्मखूण आहे. एखाद्या लेखात ‘सर्व वारंवारतांना चालणारा, लॉस नसलेला’ ऋण अपवर्तनांक (लाट किती वाकेल ते सांगणारा आकडा, एप्सिलॉन आणि म्यू दोन्ही ऋण असले की तोही ऋण) दिसला, तर तो लेख तिथेच बाजूला ठेवा.

हे मोजताना काय होतं ते सांगते, कारण पुस्तकात ते सापडत नाही. आमची पहिली कडी १० गिगाहर्ट्झसाठी काढलेली होती. एक्स बँडचा (१० गिगाहर्ट्झच्या आसपासचा) वेव्हगाइड, म्हणजे लाट वाहून नेणारी धातूची चौकोनी नळी, आतून २२.८६ बाय १०.१६ मिलिमीटर असतो. त्याच्या मधोमध, लांबीच्या दिशेने, कड्यांची पट्टी उभी बसवायची. असं केलं की चुंबकीय क्षेत्र कडीतून आरपार जातं. नेटवर्क अॅनालायझर या मोजणीच्या यंत्रावर पलीकडे पोचणाऱ्या लाटेचा आलेख बघायचा, रेझोनन्सला तो खाली कोसळतो, त्या खड्ड्याला डिप म्हणतात. आमचा डिप आला १०.४ ला. दोन दिवस आम्ही कॅलिब्रेशन पुन्हा पुन्हा केलं, केबल बदलल्या, सिम्युलेशनमधला मेश बारीक केला. शेवटी एका सहकाऱ्याने बोर्ड सूक्ष्मदर्शकाखाली धरला. ०.२ चा गॅप ०.२७ झाला होता. एचिंगच्या, म्हणजे नको असलेलं तांबं काढून टाकणाऱ्या, द्रावणाने कडा खाल्ल्या होत्या. गॅप रुंद झाला की कपॅसिटन्स कमी होतो आणि वारंवारता वर जाते. सगळा हिशोब त्या सात शतांश मिलिमीटरमध्ये होता. पुढच्या लॉटमध्ये डिप उलट खाली सरकला, कारण पीसीबीवाल्याने सवयीने हिरवा मास्क, म्हणजे बोर्डवरचा संरक्षक लेप, चढवला होता आणि तो गॅपमध्ये जाऊन बसला होता. तेव्हापासून बोर्ड हातात आला की मी आधी गॅप मोजते, मग अॅनालायझर चालू करते. तुम्हाला हे बघायचं असेल तर गॅपवर सेलोटेपचा लहान तुकडा चिकटवा आणि पुन्हा मोजा. डिप खाली सरकलेला दिसेल. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला जो आनंद झाला, तो अजून आठवतो: त्या इवल्या फटीत विद्युतक्षेत्र खरोखर दाटलेलं असतं, याचा तो पुरावा होता.

आता उलटं वाकणं. लाट हवेतून काचेत शिरते तेव्हा हद्दीवर दोन्हीकडच्या लाटांची शिखरं एकमेकांशी जुळलेली राहावी लागतात, नाहीतर लाट तिथेच तुटेल. या एका अटीतून स्नेलचा नियम निघतो. आपाती किरण लंबाशी ३० अंशांवर असेल आणि अपवर्तनांक १.५ असेल, तर काचेत तो लंबाच्या पलीकडच्या बाजूला साधारण १९.५ अंशांवर जातो. अपवर्तनांक उणे १.५ असेल तर कोन तोच, १९.५ अंश, पण लंबाच्या अलीकडच्या बाजूला. किरण ज्या बाजूने आला त्याच बाजूला दुमडतो.

का? कारण एप्सिलॉन आणि म्यू दोन्ही ऋण असले की ऊर्जा एका दिशेने जाते आणि शिखरं तिच्या विरुद्ध दिशेने सरकतात. हे पचायला जड जातं, म्हणून विद्यापीठ चौकातली संध्याकाळ आठवा. गाड्या पुढे पुढे जात असतात, पण मधेच कोणी ब्रेक लावला की दाटीची जागा मात्र मागे मागे सरकत जाते. गाड्यांची दिशा एक, दाटीची दुसरी. तुलना तंतोतंत नाही, पण ‘वस्तू पुढे, नक्षी मागे’ हे शक्य आहे इतपत मनाला पटवायला ती पुरते. आता हद्दीवर शिखरं जुळवायची आहेत, आणि ऊर्जा हद्दीपासून दूर आत जायला हवी, म्हणजे शिखरं हद्दीकडे यायला हवीत. हे दोन्ही एकत्र पाळायचं तर किरणाला अलीकडच्या बाजूला वळण्यावाचून मार्ग उरत नाही. कागदावर बाण काढून बघा. दहा मिनिटं लागतील, पण ते स्वतः केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

प्रत्यक्षात हे २००१ मध्ये कॅलिफोर्नियात शेल्बी, स्मिथ आणि शुल्ट्झ यांनी दाखवलं. तारा आणि कड्या कोरलेले फायबरग्लासचे बोर्ड खोक्यातल्या खणांसारखे एकमेकांत अडकवून त्यांनी प्रिझम बनवला आणि त्यातून १०.५ गिगाहर्ट्झची लाट सोडली. तसाच टेफ्लॉनचा प्रिझम ठेवला तेव्हा लाट एका बाजूला सुमारे २७ अंशांवर गेली. मेटामटेरियलचा ठेवला तेव्हा दुसऱ्या बाजूला सुमारे ६१ अंशांवर. अपवर्तनांक उणे २.७ निघाला. अशा पदार्थाची सपाट पाटी भिंगाचं काम करते, आणि आदर्श स्थितीत तरंगलांबीहून बारीक तपशीलही जुळवते, असं पेंड्रींनी २००० मध्ये मांडलं होतं. आदर्श स्थितीत हा शब्द महत्त्वाचा आहे. थोडासा लॉस आला की ते बारीक तपशील आधी बुडतात.

अदृश्य पडद्याचं उत्तर: होय, झाला आहे, पण तुमच्या मनात जो आहे तो नाही. २००६ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात स्मिथ, शुरिग आणि सहकाऱ्यांनी सुमारे पाच सेंटिमीटर व्यासाच्या तांब्याच्या दंडगोलाभोवती कड्यांची दहा वर्तुळं उभी केली. प्रत्येक वर्तुळातल्या कड्यांचे आकार जरा जरा वेगळे, म्हणजे आतून बाहेर गुणधर्म बदलत जातील. ओढ्यातलं पाणी खडकाला वळसा घालून पुढे पुन्हा एक होतं, तशी लाट दंडगोलाभोवतून गेली. परावर्तन आणि सावली दोन्ही कमी झाली, नाहीशी झाली नाहीत. हे सगळं ८.५ गिगाहर्ट्झच्या आसपास, दोन मितींत, दोन धातूच्या पाट्यांच्या मध्ये.

आणि इथे एक खोल अडचण आहे. वळसा घालणाऱ्या लाटेचा रस्ता लांब. तरीही सरळ गेलेल्या लाटेबरोबर तिला पोचायचं आहे, म्हणजे तिच्या शिखरांनी प्रकाशाच्या वेगाहून जलद सरकायला हवं. शिखरांना ते जमतं, सिग्नलला जमत नाही. म्हणून हे फक्त अरुंद पट्टीत होतं. दिसणारा प्रकाश ४०० ते ७०० नॅनोमीटर पसरलेला आहे, आणि त्या सगळ्या रंगांना माणसाएवढी वस्तू लपवणारं आवरण या मार्गाने होणार नाही. शिवाय प्रकाशासाठी कड्या काही दहा नॅनोमीटरच्या लागतात आणि तिथे धातू फार ऊर्जा गिळतात. विषयाकडे ओढली जाणारी बरीच मुलं याच चित्राने येतात. ती निराश होऊन परत जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं, म्हणून स्पष्ट लिहिलं.

पदार्थाच्या जाडीतून लॉस येतो हे कळल्यावर लोकांनी जाडीच सोडली आणि एका थरावर आले, त्याला मेटासर्फेस म्हणतात. हार्वर्डमध्ये कपासो यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवलं की पृष्ठभागावर ठिकठिकाणी लाटेला वेगवेगळा फेज दिला, म्हणजे तिची शिखरं कमी-जास्त मागेपुढे सरकवली, तर सपाट थरही लाट हव्या त्या कोनात वळवू शकतो. २०१६ मध्ये त्यांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या सूक्ष्म खांबांचं सपाट भिंग दृश्य प्रकाशात चालवून दाखवलं. धातू नाही म्हणून लॉस कमी. उद्योगात आज खरी पैज इथे आहे.

आता तुमची खोली. आधी हे पक्कं समजून घ्या की कड्यांचा तक्ता सिग्नल वाढवत नाही. त्याच्यात बॅटरी नाही, येते तेवढीच ऊर्जा तो इकडची तिकडे करू शकतो. खोलीच्या खिडकीपाशी किंवा जिन्याच्या तोंडाशी रेंज येत असेल, तर तिथून आत वळवण्याला अर्थ आहे. ५जीचा ३.५ गिगाहर्ट्झचा बँड म्हणजे साडेआठ सेंटिमीटरची लाट, तिच्यासाठी मीटरभर तरी आकाराचा तक्ता लागेल, आणि टॉवरची दिशा आधी मोजावी लागेल. बाजारात मिळणारे बूस्टर परवान्याशिवाय लावणं बेकायदा आहे, त्या वाटेला जाऊ नका. काचेच्या नव्या इमारतींमध्ये तर गोष्ट वेगळीच असते. उष्णता अडवणाऱ्या काचेवर धातूचा अतिशय पातळ थर असतो आणि तोच मोबाइलची लाट अडवतो. त्या थरात लेझरने बारीक रेघांची नक्षी कोरली की लाट आत येते आणि उष्णता बहुतांशी बाहेरच राहते. बाणेर-हिंजवडीच्या इमारती पाहिल्या की मला हेच काम सर्वांत निकडीचं वाटतं.

प्रकल्प म्हणून मात्र मी सुचवेन ते असं. १० गिगाहर्ट्झचा नाद सोडा. ०.२ मिलिमीटरचा गॅप घरच्या फेरिक क्लोराइडमध्ये, म्हणजे एचिंगच्या द्रावणात, नीट येत नाही. २.४५ गिगाहर्ट्झ घ्या, लाट १२.२ सेंटिमीटरची. थर्माकोलची पाटी आणा, तिचं एप्सिलॉन जवळपास हवेइतकंच असतं, त्यामुळे हिशोब सरळ राहतो. तीन मिलिमीटर रुंदीची तांब्याची चिकटपट्टी तापकीर गल्लीत विचारा. तिचे तीन सेंटिमीटर बाजूचे चौकोन चार-चार सेंटिमीटरवर चिकटवा, पंधरा ओळी, पंधरा रांगा. चौघांचा एक रविवार जाईल. चौकोनाचा घेर तरंगलांबीइतका, म्हणून तो २.४५ च्या आसपास लाट अडवतो. याला फ्रिक्वेन्सी सिलेक्टिव्ह सर्फेस म्हणतात, मेटामटेरियलचा हा सख्खा चुलतभाऊ. पाटी याहून लहान करू नका, नाहीतर लाट कडेने वळसा घालून पोचते आणि डिप उथळ दिसतो. ३ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा नॅनोव्हीएनए (हातात मावणारा स्वस्त नेटवर्क अॅनालायझर) आणि दोन साध्या अँटेना पुरतात. आधी पाटी न ठेवता मोजा, मग ठेवून, आणि दोन्हींतला फरक काढा.

मग खरी गंमत. प्रत्येक चौकोनाच्या एकाच बाजूला, सगळ्यांना एकाच दिशेला, ब्लेडने मधोमध मिलिमीटरभर काप द्या. बंद चौकोन आता कापलेली कडी झाली. काप असलेली बाजू विद्युतक्षेत्राला समांतर ठेवून मोजा. डिप निम्म्यावर, सव्वा गिगाहर्ट्झच्या आसपास येईल. तांबं तेच, पाटी तीच. तिथे लाट साडेचोवीस सेंटिमीटरची आणि कड्यांमधलं अंतर चारच, म्हणजे आता तुम्ही मेटामटेरियलच्या प्रदेशात आलात. पाटी ९० अंशांत फिरवा, तो डिप नाहीसा होईल. का, ते कडीतला प्रवाह कागदावर काढून शोधा. तोंडी परीक्षेत तुम्हाला नेमकं हेच विचारलं जाईल.

एवढं हातून झालं की मग पीसीबी करायला द्या, भोसरीत करून मिळतात. एफआर-४ या नेहमीच्या फायबरग्लास बोर्डचा लॉस टँजंट, म्हणजे तो किती ऊर्जा गिळतो याचं माप, ०.०२ च्या आसपास असतो, म्हणून डिप जरा बसका येईल. पहिल्या खेपेला ते चालतं. एकाच बोर्डवर तीन वेगवेगळे गॅप काढून घ्या, ०.२, ०.२५ आणि ०.३, म्हणजे एचिंगने काय खाल्लं ते एका दिवसात कळेल. आणि ऑर्डरच्या कागदावर ‘मास्क नको’ हे ठळक लिहा, तोंडी सांगून भागत नाही.